एक दात डावीकडे

मी माझ्या गाडीचं स्टिअरिंग एक दात चुकवून बसवलं.

स्टिअरिंग ज्या दांड्यावर बसतं, त्याला चहूबाजूंनी बारीक दात असतात. जुनं काढण्याआधी तिथं खडूनं खूण करायची असते, म्हणजे नवं त्याच जागी बसतं. मी विज्ञानाचा शिक्षक. माझ्या खिशात कायम खडू असतो. त्या दिवशीही होता, आणि तो खिशातच राहिला.

जुन्या स्टिअरिंगमध्ये दोष काहीच नव्हता. पण याच गाडीच्या महागड्या मॉडेलला कंपनीतूनच येतं ते स्टिअरिंग मी नाशिकला एका दुकानात पाहिलं. काळं चामडं, लाल दोऱ्याची शिवण, खालून सपाट, जसं काही शर्यतीतल्या गाडीचं. जव्हारच्या खड्ड्यांतून बैलगाडीच्या चालीनं जाणाऱ्या मला वाटलं, आपलं यावाचून फार अडलंय.

पण सांगायचंय ते गावितमामांबद्दल.

गावितमामा आमच्या शेजारी दोन खोल्यांत एकटेच राहतात. एसटीत कंडक्टर होते. लोक नमस्कार म्हणतात तसं ते "मला भ्या वाटते" म्हणतात. दाढी करायची तर आधी घराचा मेन स्विच बंद करतात. दाढी साध्या ब्लेडनं. गाडी त्यांच्याकडे कुठलीच नाही, हेल्मेट मात्र आहे. ते दारातल्या फणसाखालून जाण्यासाठी. सगळी नोकरी घाटातल्या गाड्यांवर काढली, पण वळण आलं की तिकीट देणं थांबवून दांडा धरायचे, घंटी वाजवायची राहायची आणि उतरायची माणसं आपली एक गाव पुढं जायची.

माझ्या गाडीत ते पुढं बसतात आणि डॅशबोर्डवर बोटाच्या पेरानं टण-टण वाजवतात. एसटीच्या घंटीसारखं, दोनदा वाजलं की निघायचं, एकदा वाजलं की थांबायचं. सुरुवातीला मी हसायचो. आता त्यांनी वाजवल्याशिवाय माझा पाय क्लचवरून सुटत नाही.

तर त्या शनिवारी मी अंगणात स्टिअरिंग खोललं. त्याच्या पोटात एअरबॅग असते, म्हणून आधी बॅटरीची तार काढून थोडं थांबायचं असतं. एवढं मी व्हिडिओत पाहून ठेवलं होतं. मामा पाण्याच्या टाकीमागं हेल्मेट घालून उभे होते.

"सर, ती पिशवी फुटली तर?"

"फुटत नाही हो."

"फुटत नाय तर मंग ठेवली कशाला आत?"

 त्यानंतर मात्र मला ती पिशवी तेवढी दिसायला लागली. घाईघाईनं मी नवं स्टिअरिंग दांड्यावर ठेवलं, मधला नट फिरवला, वर एअरबॅग बसवली, बॅटरीची तार जोडली आणि पळत जाऊन मामांच्या शेजारी टाकीमागं उभा राहिलो. काही फुटलं नाही.

माझी बायको सुनीता मोखाड्याच्या दवाखान्यात नर्स आहे. रोज एसटीनं जाते, एसटीनं येते. मला आणायला या, असं ती कधी म्हणालेली नाही. पण स्टिअरिंग कुणाला तरी दाखवायला हवंच होतं, म्हणून संध्याकाळी तिला आणायला जायचं ठरवलं. मामा "थांबा, शर्ट घालतो" म्हणत आले. टण-टण. निघालो.

गाव सुटलं, रस्ता सरळ झाला आणि माझ्या लक्षात आलं. गाडी सरळ चालली होती, स्टिअरिंग डावीकडे कललेलं होतं. मी कोपर पुढं काढून ते झाकायला बघितलं.

"सर, गाडी सरळ आन् तुमचा हात वाकडा?"

"नवं डिझाइन आहे, मामा."

 पण मला दुसरंच आठवायला लागलं होतं. ज्यानं दात चुकवला, त्यानं नट तरी नीट आवळला असेल का? फिरवला होता, एवढं नक्की. पूर्ण आवळला होता, की पिशवीच्या भीतीनं मध्येच सोडला होता? डोळ्यांसमोर सारखं एकच चित्र येत होतं. वळणावर स्टिअरिंग माझ्या हातात आहे, लाल शिवणीसकट, आणि गाडी तिच्या मर्जीनं खाली निघाली आहे.

घाट लागला तसं धुकं आलं. डाव्या हाताला नाचणीची शेतं दिसायची ती दिसेनाशी झाली. पुढचं वळण घेताना स्टिअरिंगच्या पोटात 'कट्' असा आवाज झाला.

टण. एकदाच. मी थांबलो.

"नट आवळलाय ना?" मामांनी विचारलं.

"बहुतेक."

"बहुतेक?" मामांचा चेहरा धुक्यासारखाच झाला.

दार उघडून ते उतरले. मला वाटलं, गेले. जायलाच हवं होतं. मी असतो तर गेलो असतो. पण ते गाडीच्या पुढं जाऊन उभे राहिले. "हितं ठेवली तर मागचा येऊन ठोकील. वर माळ हाय. माणसाच्या चालीनं आणा." आणि एसटी मागं घेताना कंडक्टर वाजवतात तशी दोन बोटं तोंडात घालून त्यांनी शिट्टी मारली.

"येऊ द्या... येऊ द्या..."

ते डोंगराच्या बाजूनं, एक हात ओल्या दरडीला लावून चालत होते. पाऊल टाकण्याआधी प्रत्येक वेळी रस्ता चपलेनं चाचपायचे, ते मला काचेतून दिसत होतं. आंधळं वळण आलं की आधी स्वतः पलीकडे जायचे. धुक्यात दिसेनासे व्हायचे आणि तेवढा वेळ मी हँडब्रेक घट्ट ओढून धरायचो. मग पलीकडून शिट्टी यायची आणि मी गाडी हलवायचो.

वर माळावर गाडी बाजूला घेतली तेव्हा माझे तळवे त्या चामड्याला चिकटले होते. तेवढ्यात मोखाड्याकडून जव्हारची एसटी आली. मामांनी हात केला, एसटी थांबली. खिडकीत सुनीता होती.

मी सगळं सांगितलं. तिनं स्टिअरिंगकडे एकदाही पाहिलं नाही.

"म्हणजे एसटी किती चांगली, हे सांगायला इथवर आलात?" ती म्हणाली. "गाडीला हात लावू नका. मी जव्हारहून मेकॅनिक पाठवते. मामा, तुम्ही चढा. भिजलात केवढे."

एसटीचा कंडक्टर मामांना ओळखत होता. त्यानं दार उघडून धरलं. "या मामा, तुमच्याच सीटवर बसा."

आत उजेड होता, माणसं होती. मामांनी एक पाय पायरीवर ठेवला. मग काढून घेतला.

"नाय रे, तू जा," ते म्हणाले. "माझी गाडी फेल हाय. डायवर एकटा हाय."

'माझी गाडी' म्हणताना त्यांची मान ताठ झाली होती. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळ झाली की आमच्या कुंपणाशी येऊन "उद्या कुठं जायचंय का, सर?" असं ते का विचारतात, याचाही मी कधी विचार केला नव्हता.

एसटी गेली. आम्ही दोघं गाडीत बसलो. धुकं काचेला टेकलं होतं. मामा ओले हात मांडीवर पुसत होते. 

"मामा, माझ्यासाठी थांबलात?"

"तुमच्यासाठी कशाला?" मामा समोर बघत म्हणाले. "एकटं ठेवलं तर तुम्ही परत चालू कराल. समोरनं येणाऱ्या गाडीत पण माणसंच असतात, सर."