एक बिल्ला जास्त

कल्पना करा, की तुम्ही एका डोंगरापुढे उभे आहात आणि तुमच्या हातात कुदळ आहे. डोळे मिटून कल्पना करायची असेल तर खुशाल मिटा. पण मग पुढचं वाचणार कसं? उघडेच ठेवा. तर, तुम्ही कुदळीचा एक घाव घातलात आणि डोंगरातून लोखंडाच्या दहा कांबी टपाटप तुमच्या खिशात पडल्या. खिसा फाटला नाही, हात दुखले नाहीत, डोंगरानेही काही तक्रार केली नाही.

कॉम्प्युटरवरच्या खेळांत खाणकाम असंच चालतं. भिंगरीची आई असाच एक खेळ बनवणाऱ्या कचेरीत कामाला होती आणि तिला हे मुळीच पटत नसे. तिचे वडील, म्हणजे भिंगरीचे आबा, बत्तीस वर्षं खऱ्या खाणीत मुकादम होते. त्यांना विचारून विचारून तिने खेळातली खाण नव्याने बांधायला घेतली.

"छताला टेकू दिलेस?" आबा विचारायचे.

"दिले."

"पाणी उपसायला पंप?"

"आहे."

"आणि हवा?"

"आबा, कॉम्प्युटरमध्ये हवा कुठून आणू?"

"मग आतली माणसं श्वास कशाने घेणार?"

आईने मुकाट्याने पंखा बसवला. मग तेलाचे दिवे आले, पाळी संपल्याचा भोंगा आला आणि शेवटी आला बिल्ला. आत जाणाऱ्याने बाहेरच्या फळ्यावर एक बिल्ला अडकवायचा, बाहेर आला की काढून घ्यायचा. पाळी संपली आणि फळ्यावर एक जरी बिल्ला उरला, तर कुणीतरी आत राहिलंय. तो सापडेपर्यंत काम बंद.

हे सगळं होईपर्यंत सहा महिने गेले. एके दिवशी दुपारी दोन वाजता कचेरीचे साहेब येऊन उभे राहिले.

"मॅडम, तीन दिवस तुम्ही सगळे त्या खाणीत आहात. चिमूटभर तरी लोखंड निघालंय का?"

"टेकू लावतोय, साहेब."

"मुलांना लोखंड हवं असतं हो, टेकू नको! आज पाचपर्यंत एक ढेकूळ बाहेर आणून दाखवा. नाहीतर उद्यापासून जुनी पद्धत, आणि हे तुमचं सगळं काम कपाटात." एवढं बोलून साहेब आपल्या काचेच्या खोलीत गेले.

आईचा चेहरा पार उतरला. शाळेला सुट्टी असल्यामुळे भिंगरी आबांना घेऊन तिथेच आली होती. खेळ तपासायच्या कामावर असलेले लांब्या आणि चष्मेवाली हेही होते. चौघं चार कॉम्प्युटरवर बसली, आबा पाठीमागे उभे राहिले. पहिल्या पाळीत टेकू लावून झाले, पाणी उपसून झालं. साडेतीनला भोंगा वाजला. आता दुसऱ्या पाळीत नुसतं खणायचं! चौघं वर आली, चौघांनी आपापला बिल्ला काढला.

फळ्यावर एक बिल्ला उरला.

"लांब्या, काढ ना तुझा," चष्मेवाली म्हणाली.

"मी काढला. तूच विसरली असशील."

"मी? हा बघ माझा!"

भिंगरीने बोटं मोजली. आई, लांब्या, चष्मेवाली, ती स्वतः. चार. पुन्हा मोजली. मग आबांनाही धरलं, पण आबांना कॉम्प्युटर सुरू करताच येत नव्हता. बिल्ल्यावर नुसता आकडा होता, नाव नव्हतं. खिडकी उघडायला आलेल्या शिपायालासुद्धा लांब्याने विचारलं, "काका, तुम्ही खाणीत आहात का?" शिपाई खिडकी तशीच टाकून निघून गेला.

"प्रोग्रॅममध्येच घोळ असणार," आई म्हणाली. तिने पाऊण तास घोळ शोधला. घोळ सापडला नाही, पण डोकं दुखायला लागलं. सव्वाचार झाले होते. "जाऊ दे. मी हा बिल्ला खोडून टाकते आणि आपण खणू."

"खोडून टाकतेस?" आबा पुढे आले. "आणि आत माणूस असला तर?"

"आबा, खेळ आहे हो हा! पाचला सगळं कपाटात जाईल!"

"जाऊ दे. माणूस खोडता येत नाही."

आईचं बोट बटणावर होतं. तिने एकदा त्या बिल्ल्याकडे पाहिलं. मग तिने बोट मागे घेतलं. "चला रे," ती म्हणाली, "दिवे घ्या."

चौघं पुन्हा खाली उतरली. मोठं भुयार बघितलं, पंपामागे बघितलं. पाच वाजून गेले, कुणी घड्याळाकडे पाहिलंच नाही.

"गप्प बसा सगळे," आबा एकदम म्हणाले. "ऐका."

आईच्या स्पीकरमधून आवाज आला. ठक. ठक. ठकठकठक.

"कुणीतरी कुदळ मारतंय," आबा हळूच म्हणाले. "जिवंत आहे."

लांब्याच्या अंगावर काटा आला. भिंगरीने मात्र मान वळवली. तिच्या एका कानात स्पीकरची ठकठक येत होती आणि दुसऱ्या कानात, अगदी त्याच वेळी, काचेच्या खोलीतली. तिथे साहेब पडदा काळाठिक्कर पडलेल्या एका लॅपटॉपच्या बटणांवर जोरजोरात बोट आपटत होते.

 आवाजाच्या रोखाने भिंगरी डाव्या आडभुयारात शिरली आणि तिने दिवा उंच धरला.

"अरे! चालू झाला, चालू झाला!" काचेआडून साहेब ओरडले. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "ही दिवा घेऊन कोण आली?"

लॅपटॉप पोटाशी धरून ते बाहेर आले. "दोनला म्हटलं, आपणही आत जाऊन बघू. जरा बाजूला वळलो तर सगळं काळं! मला वाटलं मशीनच बंद पडलं. तीन वेळा बंद करून सुरू केलं, तरी काळंच."

"दिव्यातलं तेल संपलं तुमच्या," भिंगरी म्हणाली. "माझ्या मागून या. टेकूला धक्का लावू नका."

भिंगरीच्या मागोमाग साहेब खाणीबाहेर आले. त्यांनी फळ्यावरचा बिल्ला काढला. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

"लोखंड नाही निघालं, साहेब," आई म्हणाली. "काम बंद होतं."

"का?"

"तुम्हाला शोधत होतो."

"मी आत आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. कुणीतरी आहे, एवढंच."

"कोण आहे ते माहीत नसताना, आज, पाच वाजायच्या आत, तुम्ही सगळे..." साहेबांनी एकेकाकडे पाहिलं.

"बिल्ल्यावर नाव नसतं, साहेब," आबा म्हणाले.

 जावं की थांबावं, साहेबांना कळेना. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, घसा खाकरला. "ते कपाटाचं राहू द्या," ते म्हणाले. मग जरा वाकून भिंगरीला त्यांनी हळूच विचारलं, "पुन्हा आत जाता येईल का गं?"

भिंगरीने एक रिकामी खुर्ची ओढून आपल्या शेजारी ठेवली, साहेबांचा लॅपटॉप टेबलावर नीट मांडला आणि म्हणाली, "बसा. आधी दिव्यात तेल बघा."