कवळीचं पाणी

देवकाबाई कुठेही गेल्या की बोलायच्या आधी हुंगायच्या. कोणाची भाजी करपली, कोणाकडे कालच रंग मारला, हे त्या उंबऱ्यातूनच सांगत. मग "जय भीम", मग चपला काढणं. एका लग्नात त्यांनी वरणाची अख्खी बादली हुंगून पंगतीतून परत पाठवली होती. वाढप्या चिडला. त्याने बोट बुडवून चाखलं आणि मुकाट्याने बादली उचलली.

दोन हजार दहाच्या सुमारास मी गोंदियात ब्यूटी पार्लर उघडलं. दोन दुकानं सोडून एका दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्याच्या मागच्या खोलीत देवकाबाई कवळ्या बनवत. मुर्रीहून सायकलने यायच्या, नऊवारी खोचून, भर रस्त्याच्या मधून. मागच्या ट्रकने कितीही हॉर्न वाजवला तरी बाजूला होत नसत. "अर्ध्या गोंदियाचं हसणं माह्या हातचं हाये," असं त्या वाटेल त्याला ऐकवत.

तेव्हा नवऱ्या मुलींना लांब ॲक्रिलिक नखांचं वेड लागलं होतं. मी नागपूरला आठ दिवस शिकून आले. पावडर घ्यायची, औषधात ब्रश बुडवायचा, नखावर थापायचं. लेबलवालं औषध महाग पडे, म्हणून एका एजंटाकडून साध्या बाटल्या घेतल्या. त्यांच्यावर नाव नाही, गाव नाही.

पहिली बाटली उघडली आणि देवकाबाई दारात हजर.

"पोरी, कवळी काऊन बनवून राहिली वो?"

"कवळी नाही मावशी, नखं."

"मले नोको शिकवू. हे कवळीचं पानी हाये. पंचवीस वर्षं हुंगून राहिली मी."

"मग काय झालं? दातांना चालतं तर नखांना का नाही?"

"दात आम्ही साच्यात शिजवतो, घासतो, मंग तोंडात देतो. तू तर कच्चं पानी जित्या बोटावर लावून राहिली!"

मी हसण्यावारी नेलं. पण त्या हटेनात. रोज दुपारी डबा घेऊन माझ्याच खुर्चीवर बसायच्या आणि गिऱ्हाइकांना विचारायच्या, "खाजते का? नखाखाली ठणकते का?" दोघीजणी उठून गेल्या. मी म्हटलं, "मावशी, माझा धंदा बसवता का?" त्या म्हणाल्या, "हो." आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मग जवळच्या गोरेगावची एक मुलगी परत आली. आठवड्यावर लग्न होतं तिचं. एसटीची खिडकी लावताना नख अडकलं होतं. मी लावलेलं नख काही तुटलं नाही. तिचं स्वतःचं नखच मुळापासून उचकटून वर आलं होतं. ती रडत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. देवकाबाईंनी डबा बाजूला सारला, तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी एजंट आला. देवकाबाईंनी त्याला बसवलं, चहा दिला. समोर नखं उतरवायच्या ॲसिटोनच्या दोन वाट्या. एकीत लेबलवाल्या औषधाचं नख, दुसरीत त्याच्या औषधाचं.

"मौसी, सब यही बेचते हैं," तो हसला.

"चाय पी."

अर्ध्या तासाने पहिलं नख लापशीसारखं मऊ झालं. दुसरं देवकाबाईंनी चिमट्याने उचलून वाटीवर आपटलं. टण्ण वाजलं.

"हे काढाचं कसं? कानशीनं? का पोरीचं बोट कापून?" त्यांनी बाटली त्याच्या नाकाखाली धरली. "याच्यावर काय लिहिलं हाये, वाच."

"कुछ नहीं लिखा."

"मंग तू लिही. आत काय हाये ते लिही, खाली सही कर. तुह्या बायकोच्या बोटाले लावतं का हे?"

त्याने चहा तसाच ठेवला आणि खोकं उचलून निघाला. मी त्याला थांबवलं नाही. संध्याकाळी देवकाबाईंनी स्वतः खडूने दारावर लिहिलं, 'इथं कवळीचं पाणी वापरत नाही.' महिनाभर लोक आत येऊन विचारत, "डॉक्टर आहेत का?"

मला त्यांचे उपकार फेडायचे होते. थंडीतल्या एका दुपारी मी त्यांना हात धरून मॅनिक्युअरला बसवलंच. "मले कायले?" म्हणून त्या तणतणल्या, पण बसल्या. मी गीझरचं पाणी पसरट भांड्यात ओतलं आणि विसणाचं थंड पाणी घ्यायला वळले. वळून बघते तर त्यांनी बोटांची पेरं पाण्यात बुडवलेली, वाफ वर येतेय, आणि त्या माझ्या तोंडाकडे बघताहेत.

"पानी थंडंच हाये का वो?"

मी झटकन त्यांचे हात बाहेर ओढले. टोकं लाल झाली होती. त्यांवर रेषा नव्हत्या, नुसत्या भेगा.

"बोटाले काई समजत नाई. लई वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "तवा कवळीच्या पान्यात हातमोजे कोन घालत होतं? डॉक्टरले सांगतलं नाई. सांगतलं असतं तर काम गेलं असतं."

मी टॉवेलने त्यांची बोटं टिपली.

"बिरसीले पोरगी हाये माही. तिले लेक झाली, तवा मी आंघोळ घालाले बसली. पोरीनं माह्या हातून पान्याचा गडवा काढून घेतला." त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "बराबर केलं तिनं. मी असती तर मीबी तसंच केलं असतं."

मी थंड पाणी ओतलं, कोपर बुडवून पाहिलं, आणखी थोडं ओतलं.

"आता कोमट आहे, मावशी."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात पाण्यात सोडले.