गच्चीवरील सूर्यतक्त्यांची आणि राणीसाहेबांच्या चक्कीची बखर

श्रीगजानना, अक्कल दे. श्रीभास्करा, ऊन दे. आणि वाचणारास धीर दे, कारण लिहिणारासच या प्रकरणाचा उलगडा पुरता जाहला नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, दसरा, ते दिवशी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आम्हांस परवानगी नाही, दुमजली महालाचे गच्चीवर उंच लोखंडी माची उभी राहिली आणि तीवर सूर्यतक्ते चढले, ज्यांस हल्लीचे लोक सोलर पॅनेल म्हणतात, आणि नारळ फुटला, आणि पेढे वाटले, आणि मग सर्वांस वाटले की आता काही बघणे नको, सूर्य जाणे आणि तक्ते जाणोत. येथेच पहिली चूक जाहली.

राज्याचे धनी हेमंतराव महाराज, स्वभाव बहुत गोड, परंतु मोबाइलात विजेचा आलेख पाहू लागले की तिखट. त्यांच्या राणी वृषालीबाईसाहेब. यांनी आजवर सर्वांचे डबे भरले, सर्वांचे मोजे शोधिले, आणि स्वतःचे म्हणावे ऐसे काही केले नव्हते. त्यांनी त्याच दसऱ्यास मोटारीच्या पागेत, म्हणजे पार्किंगात, पिठाची चक्की मांडली. आणि काय सांगावे, आळीतील बाया ज्वारी, बाजरी, भाजणी घेऊन ऐशा लोटल्या की मोटार रस्त्यावर आणि डबे पागेत, ऐसा प्रकार जाहला. पूर्वी याच बाया राणीसाहेबांस 'सानिकाची आई' म्हणत. आता 'वृषालीताई' म्हणू लागल्या. राणीसाहेब ते ऐकोन पिठाने पांढऱ्या जाहल्या असताही गोऱ्यामोऱ्या होत. (सानिका म्हणजे राजकन्या. इयत्ता दहावी, बुद्धीने तल्लख, दिसण्यात बरी, याहून अधिक लिहिणे शोभत नाही.) परंतु महाराजांनी अट घातली होती. म्हणाले, "चक्की उन्हावर चालते तोवर चालू दे. पण ते पॅनेल रडायला लागले तर मी ऐकणार नाही. रथसप्तमीला आलेख आजच्यासारखा दिसला पाहिजे, नाहीतर चक्की आमच्या विलासकडे. त्याला हवीच आहे." विलासराव म्हणजे महाराजांचे आत्येभाऊ. राणीसाहेब म्हणाल्या, "चालेल." त्या 'चालेल' खेरीज त्यांस काही बोलता येत नसे, हे तोवर सर्वांस माहीत होते.

मग कार्तिक लागला आणि आलेख बसला. पूर्वी मोबाइलात रोज सूर्याच्या विजेचा डोंगर उमटे, टम्म फुगल्या भाकरीसारखा. त्याची टेकडी जाहली, मग पोळी जाहली, मग पापड. तेव्हा देखभालीचा जो तह कंपनीशी जाहला होता त्यान्वये सूर्यवैद्य दस्तगीर मुल्लाणी दाखल जाहले, कमरेस पान्ह्यांचा पट्टा, हाती लांब दांड्याचा मऊ ब्रश, आणि तोंडाचा पट्टाही सुरू. शिडी लावून माचीवर चढले, पाहिले, आणि वरूनच ओरडले, "वैनी, कबुतरं! खालच्या कडंला सगळा थर बसलाय बगा!" महाराज खालोन म्हणाले, "अहो, एवढ्याशा घाणीनं एवढी वीज जाते?" दस्तगीर म्हणाले, "साहेब, ह्या प्लेटा म्हंजी जावा-जावा. एकीच्या पदराला डाग पडला की ती रुसती, आन् ती रुसली की वळीतल्या सगळ्या तोंड पाडून बसत्यात." राणीसाहेब म्हणाल्या, "मला एकच जाऊ आहे दस्तगीरभाऊ, पण कळलं." मग दस्तगीर यांनी तक्ते धुतले, तारांचे जोड आवळले, खाली येऊन भिंतीवरील विजेच्या पेटीची जाळी पुसली, चहा घेतला आणि गेले. दुसरे दिवशी डोंगर पुन्हा उभा. राज्यात आनंदीआनंद. चार-आठ दिवस लोटले नाहीत तो पुन्हा पापड.

येथोन पुढे जे जाहले ते लिहिताना आमचे डोके फिरते, तरी लिहितो. मार्गशीर्षात दस्तगीर पुन्हा आले, धुऊन गेले, आणि आलेख उठला, आणि पडला, आणि पूर्वी कबुतरे जितकी होती त्याच्या दुप्पट जाहली. पौषात आले, धुऊन गेले, तो तिप्पट. वैद्य आला की रोग वाढे! यास काय म्हणावे? महाराज म्हणाले, "हाच माणूस पिशवीतून कबुतरं आणून सोडत असणार." राजकन्या म्हणाली, "बाबा, त्यांच्या पिशवीत पान्हे होते, मी पाहिले." महाराज म्हणाले, "पान्ह्यांच्या खाली?" शेजारील गच्चीवर खांबेटे काका सकाळी दंडबैठका काढीत, ते कठड्यावरून म्हणाले, "हेमंतराव, कबुतरांचा दोष नाही. उन्हाचाच दर्जा घसरलाय. आमच्या लहानपणचं ऊन म्हणजे ऊन होतं!" आणि खोटे कशास लिहा, महाराजांस हे दोन दिवस पटले होते.

मग महाराजांनी खासा मोहीम हाती घेतली. जुन्या गाण्यांच्या सीड्या दोरीस बांधून माचीवर टांगल्या, की चकाकी पाहून शत्रू भिईल. त्यात महाराजांच्या लग्नाची सीडीही गेली. मग बाजारातोन प्लास्टिकचे घुबड आणिले, डोळे पिवळे, मुद्रा उग्र. ते माचीवर बसविले तो एक कबुतर येऊन त्याच्या डोक्यावर बसले आणि तेथेच मान पिसू लागले. महाराजांस राग आला. भर दुपारी गार पाण्याची बादली घेऊन निघाले की थर धुऊनच काढतो, तो नेमके दस्तगीर तार तपासण्यास आले होते, ते जिन्यातून किंचाळले, "साहेब, नगा! तापल्या काचंवर गार पानी? तव्यावर मारल्यागत तडकंल की ती! धुवायचं तर पहाटं, काच गार असताना. साधं पानी, मऊ फडकं, बास!" महाराजांनी ती बादली मग स्वतःच्या पायांवर ओतली. मग दस्तगीर घाम पुसोन म्हणाले, "पर मला एक कळंना. माज्या बाकी गिऱ्हाइकाकडं कबुतर येतं, बसतं, जातं. हितं मुक्कामाला आल्यागत करतंय. कोन दानं-बिनं घालतं का?" तेव्हा महाराजांनी शपथ वाहिली, खांबेटे काकांनी न विचारता वाहिली, राजकन्येने विद्येची वाहिली, आणि राणीसाहेब चक्कीवर हात ठेवोन म्हणाल्या, "मी कशाला कबुतरांना घालीन? माझ्याच पायावर धोंडा?" आणि सर्व शपथा खऱ्या होत्या! हे वाचणाराने ध्यानी ठेवावे, कारण आम्ही अद्याप त्यावरच अडलो आहो.

इतक्यात माघ उजाडला आणि विलासराव मापाची टेप घेऊन आले, चक्की त्यांच्या दारातोन शिरते की नाही हे पाहण्यास. म्हणाले, "वहिनी, तुम्हालाही सुटल्यासारखं होईल. किती ते पीठ!" राणीसाहेब म्हणाल्या, "चालेल." दळणास आलेल्या बायांनी पुसले, "वृषालीताई, चक्की चालली म्हणे?" तेव्हा राणीसाहेबांनी फडक्याने चक्की पुसली, आणि पुसलेलीच पुन्हा पुसली. राजकन्येने हे जिन्यातोन पाहिले. तिने निश्चय केला की फितूर कोण तो पकडीन, रथसप्तमीच्या आधी पकडीन, आणि पकडल्यावर काय भाषण करावे तेही पाठ केले.

माघ शुद्ध षष्ठी, पहाट. राजकन्या बॅडमिंटनची रॅकेट घेऊन पाण्याच्या टाकीमागे दबा धरोन बसली. थंडी बहुत. पाहते तो काय, कबुतरे कठड्यावर रांगेने बसलेली, पंगतीस बसावे तैशी, आणि सर्वांची तोंडे जिन्याच्या दाराकडे! कोणाची वाट पाहतात? दार वाजले. गच्चीवर आल्या कोण? तर राणीसाहेब! न्हालेल्या, केस ओले, हाती वाटी. त्यांनी माचीच्या लोखंडी पायास हळदकुंकू लाविले, मग टाकीच्या पायऱ्या चढोन डोळे मिटले, आणि वाटीतील ज्वारीची मूठ भरोन सूर्यतक्त्यांवर उधळली. दाणे काचेवरून घरंगळत खालच्या कडेस जमले. राणीसाहेबांनी डोळे मिटल्या मिटल्याच हात जोडिले आणि तैशाच वळल्या, आणि मागे फडफड फडफड करीत सारी फौज उतरली.

राजकन्या उठली आणि भाषण विसरली. एवढेच म्हणाली, "आई, हे काय?"

राणीसाहेब दचकल्या. "अगं, केवढ्यानं! घास आहे."

"कोणाला?"

"सूर्याला. माझी आई जात्याला पहिला घास घातल्याशिवाय खुंट्याला हात लावायची नाही. आता माझी चक्की कोण फिरवतं? हे वरचे. मग यांना उपाशी ठेवून मी दळू?"

"तू तर शपथ घेतलीस!"

"कबुतरांना घालत नाही अशी घेतली. मी कुठे कबुतरांना घालते?"

राजकन्येने रॅकेटने दाखविले. राणीसाहेबांनी मागे वळोन पाहिले. खालच्या कडेस पंगत बसली होती, जेवीत होती, आणि जेवता जेवता बाकीचेही उरकीत होती. राजकन्येने हळूच पुसले, "आणि दस्तगीरकाका धुऊन गेले की?" राणीसाहेब म्हणाल्या, "तेव्हा दोन मुठी. इतकं छान झालं म्हणून." आणि मग त्या पायरीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. म्हणाल्या, "म्हणजे माझी चक्की मीच घालवली." रोज देवाचे करावे आणि त्यानेच घर बुडावे, हा कोठला न्याय, हे राजकन्येस कळेना, राणीसाहेबांस कळेना, कबुतरांस तर कळण्याचे कारणच नव्हते. राजकन्या म्हणाली, "आई, रडू नकोस ना. नको घालूस घास." त्यावर राणीसाहेब ऐशा बोलल्या की आजवर कोणी ऐकिले नव्हते. "नाही. रिकाम्या हातानं मी चक्की सुरू करणार नाही. चालणार नाही मला!" ते 'चालणार नाही' गच्चीभर घुमले. खांबेटे काका दंडबैठका काढता काढता मध्येच थांबले, खाली की वर ते त्यांसही कळेना.

तेव्हा राजकन्येस सुचले. कैसे सुचले हे तीही सांगू शकत नाही. म्हणाली, "पाणी घाल मग! सूर्याला अर्घ्य देतातच ना? काच गार आहे, पहाट आहे, दस्तगीरकाका म्हणाले साधं पाणी, मऊ फडकं. घास नाही, अर्घ्य!" राणीसाहेबांनी तिजकडे पाहिले, मग पदर खोचला. एकीने तांब्या घेतला, एकीने जुने धोतर दांड्यास बांधिले, आणि शिडी धरीत, भिजत, कुडकुडत सर्व तक्ते धुतले, खालची कड दोनदा. राणीसाहेब प्रत्येक तांब्यास सूर्याचे नाव घेत, आणि नावे सरली तेव्हा पहिल्यापासोन.

दुसरे दिवशी रथसप्तमी. अर्घ्य पुन्हा जाहले. ऊन चढले आणि महाराजांच्या मोबाइलात डोंगर उभा राहिला, दसऱ्याहून उंच! महाराज ओरडले, "घुबडानं काम केलं!" राजकन्या म्हणाली, "बाबा, घुबड नाही, ते दाणे आई..." आणि सर्व सत्य सांगितले, वाटीसकट. महाराज हसले. "काहीतरीच. शपथ घेतली होती तिनं माझ्यासमोर. आईला कशाला मध्ये ओढतेस?" राणीसाहेब म्हणाल्या, "अहो, खरंच मीच." महाराज म्हणाले, "तू तर सगळंच स्वतःवर घेतेस." आणि विलासरावांस दूरध्वनी करोन कळविले की चक्की मिळणार नाही, पाहिजे तर घुबडाच्या दुकानाचा पत्ता देतो. खांबेटे काका ते घुबड चार दिवसांकरिता मागोन घेऊन गेले. आता घुबड तिकडे आहे आणि कबुतरेही तिकडे आहेत. का, ते काकांस पुसावे. ते म्हणतात, ऊन सुधारले.

एवंच, स्वारी जाहली, मसलती जाहल्या, फत्तेही जाहली, परंतु शत्रू कोण हे ठरले नाही. कबुतरे म्हणावीत तर ती बोलाविल्यावाचोन आली नव्हती. राणीसाहेब म्हणाव्यात तर जिभेस फोड येईल. आणि सत्य सांगितले ते कोणी घेतले नाही. दर वेळी बखरीत जयाचा धनी लिहावा लागतो, येथे ती जागा तूर्त कोरी ठेविली आहे. मात्र एक गोष्ट नक्की लिहितो. रथसप्तमीस राणीसाहेबांनी चक्की सुरू केली ती पहिल्या मुठीनेच. तेवढीच दळली, तिची तळहाताएवढी भाकरी थापली, खिडकीतोन सूर्यास दाखविली आणि राजकन्येच्या हाती दिली. म्हणाल्या, "घे. पहिला घास. ज्यानं धुतलं त्याचा." भाकरी गरम होती, वर लोण्याचा गोळा होता, आणि कड किंचित करपली होती. बखरकारास हे कैसे ठाऊक, ऐसे कोणी पुसू नये.