एकशे पंधरा व्होल्टची अंडी

निसर्गाचे नियम सर्वांना सारखेच लागू असतात. ते समजावून सांगायला मात्र साहेब यावा लागतो. उमापूरच्या अमीरबीकडे तो तक्रारीच्या दुसऱ्याच दिवशी आला, ही तत्परता इथे नमूद केलीच पाहिजे.

अमीरबी कोंबडीची पिल्लं विकून घर चालवते. अंडी उबवायला तिच्याकडे विजेचा एक खोका आहे, आत तापणारी तार. पिल्लं निघायची वेळ आली आणि नेमका गावातला व्होल्टेज निम्म्यावर उतरला. तार जेमतेम कोमट. गरम पाण्याच्या बाटल्या दुलईत गुंडाळून तिनं अंडी कशीबशी जगवली.

वीज कार्यालयाचे अभियंता मोहनराव यांनी मीटर लावला.

"चाची, खोक्यावर लिहिलंय, दोनशे तीस व्होल्टला दोन अँपिअर. व्होल्टला अँपिअरनं भागा. रोध एकशे पंधरा ओहम. आता मीटर काय म्हणतोय? एकशे पंधरा व्होल्ट, एक अँपिअर. भागा. पुन्हा एकशे पंधराच! रोधात काडीचा फरक नाही."

"मंग ऊब कावून येत न्हाई?"

"तो शक्तीचा विषय झाला." (त्याचा अर्ज वेगळा असतो.)

तरी माणुसकी म्हणून त्यांनी गुणाकारही केला. पूर्वी दोनशे तीस गुणिले दोन, म्हणजे चारशे साठ वॅट. आता एकशे पंधरा गुणिले एक. व्होल्ट निम्मे झाले की अँपिअरही (म्हणजे विजेची धारा) निम्मे होतात आणि शक्ती उरते पाव. हा नियम कोणत्याही कार्यालयाने केलेला नसल्याने त्याची जबाबदारीही कोणत्याही कार्यालयावर येत नाही.

"पाव उबंत पाव पिल्लू निघतं व्हय, साहेब?"

मोहनरावांनी शेरा लिहून मोठ्यानं वाचून दाखवला: 'उपकरण सुस्थितीत. ग्राहकाने स्वतःहून निम्मीच धारा घेतल्याचे आढळले. तक्रार निकाली.'

"तुमच्या हापिसात किती व्होल्ट हायत?"

"पूर्ण दोनशे तीस!" मोहनराव अभिमानाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अमीरबी मुलाच्या, यासीनच्या, रिक्षातून खोका घेऊन कार्यालयात हजर झाली आणि बैठकीच्या खोलीत तिनं प्लग लावला. मोहनराव धावत आले.

"चाची, हे काय चाललंय?"

"धारा घेतीय. पुरी."

त्यांनी मीटर लावला. दोनशे तीस, दोन. भागाकार बरोबर, गुणाकारही बरोबर. हरकत घ्यायला जागाच उरली नाही. अमीरबी खोक्याशेजारी भाकरी खाऊन बसून राहिली, कुणी ऊठ म्हटलं तरी उठली नाही.

आढावा बैठक ऐन भरात असताना खोक्यातून चिवचिव आली. वीजगळतीवर बोलणारे वरिष्ठ थांबले. मोहनरावांनी सगळ्यांच्या आधी झाकण उचललं.

"चाची, आलं बघा! आणखी एक फोडतंय!"

तिनं ओलं पिल्लू त्यांच्या तळहातावर ठेवलं. मोहनराव बैठक विसरून त्यावर फुंकर घालत उभे राहिले. "लई फुकू नका, साहेब, गारठंल," ती म्हणाली. कार्यालयाच्या अहवालात त्या महिन्यात प्रथमच 'काम मुदतीत पूर्ण' असं लिहिलं गेलं.

उमापूरचा व्होल्टेज मात्र अजून निम्माच आहे, आणि कार्यालयाने बैठकीच्या खोलीतला सॉकेट काढून टाकला आहे (सुरक्षेच्या कारणास्तव). अमीरबीची पुढची अंडी तयार आहेत. पूर्ण व्होल्टेज असलेलं आणि मन मोठं असलेलं घर ती शोधते आहे. एवढं बारीक वाचता आलं, म्हणजे तुमचा दिवा लख्ख असणार. आणि तिच्यासाठी मघापासून हळहळलात, म्हणजे मनही मोठं असणार. मी तुमचा पत्ता दिला आहे.

ती उद्या सकाळी निघते. दाराला कडी घालायला तुम्हाला भरपूर वेळ आहे.