नासारियो आजोबांना दिवस गेले

नासारियो आजोबांच्या कानांना दडे बसून तीन महिने झाले होते. ओरडून ओरडून त्यांच्या बायकोचा, सोरायदाचा, घसाही बसला होता.

पालमितोसच्या दवाखान्यात डॉक्टर किरोसबाई एकट्याच, आणि समोर रोज साठ माणसं. कान साफ करायचं यंत्र नाही, म्हणून त्यांनी जिल्ह्याच्या कानाच्या डॉक्टरसाठी चिठ्ठी दिली. काउंटरवरच्या येसेनियानं ती संगणकात भरताना घाईत विभागांच्या यादीतली एक ओळ खालची दाबली.

चौथ्या दिवशी निरोप आला : ‘मंगळवारी या. प्रसूती विभाग. लघवीचा नमुना आणा.’

“कानासाठी लघवी?” सोरायदा म्हणाली.

“आँ?” आजोबा म्हणाले.

किरोसबाई चूक दुरुस्त करायला गेल्या, तर कानाच्या डॉक्टरची तारीख निघाली पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरातली.

“तोवर मी नाही हो ओरडू शकत,” सोरायदा घोगऱ्या आवाजात म्हणाली. “जाऊ देत ह्यांना बाळंतपणालाच.”

आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून, नमुन्याची बाटली घेऊन गेले. तिथला डॉक्टर भला निघाला. दोन गरोदर बायकांच्या मधे अंग चोरून बसलेला म्हातारा पाहून त्यानं पिचकारी मागवली आणि पाच मिनिटांत कान मोकळे केले.

बातमी गावभर झाली, आणि दुसऱ्या दिवशी पालमितोसच्या दवाखान्यात रांग.

“गुडघा का? हाडांच्या डॉक्टरकडे पाठवते,” बाई म्हणाल्या.

“छे छे! मला बाळंतपणाचीच चिठ्ठी द्या!”

बाईंनी सगळ्यांना हाकलून लावलं. पण मग दोमितिलो सुतार आला. त्याचा हर्निया नारळाएवढा झाला होता, आणि सर्जनची तारीख चौदा महिन्यांनंतरची. बाईंनी त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“येसेनिया,” त्या हळूच म्हणाल्या, “एक ओळ खालची दाब.”

महिन्याभरात गावात त्रेचाळीस जण गरोदर झाले. मग जिल्ह्याहून पत्र आलं. बाईंनी ते फोडलं. नोकरी गेली, असंच त्यांनी धरलं होतं.

‘आपल्या गावातील गरोदरांचे सरासरी वय अडुसष्ट असल्याचे निदर्शनास आले आहे. इतकी जोखमीची बाळंतपणे एका डॉक्टरवर सोपवणे योग्य नाही. सोमवारपासून दुसरी डॉक्टर रुजू होईल.’

नऊ वर्षं अर्ज करून जे मिळालं नव्हतं, ते असं मिळालं. बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि गुपचूप खणात ठेवलं.

सोमवारी नवी डॉक्टर आली. बाकांवरचे म्हातारे बघून ती गोंधळली.

“गरोदर कोण कोण आहे इथं?”

दोमितिलो पोट सावरत उठला आणि किरोसबाईंच्या कानाशी कुजबुजला, “बाई, कितवा महिना सांगू?”