तिले जायचं हाये

जयराम मिस्त्रींवर अन्याय झाला तो यंदाच्या पोळ्याला, ऊन कलल्यावर, धाड गावच्या वेशीतल्या तोरणाखाली. अन्याय करणारं सगळं गाव, साक्षीला गावचेच बैल. जयराममामांनी आपली मोटार बैलांच्या रांगेत उभी केली होती आणि ती भर रांगेतून हाकलण्यात आली.

मोटार सजवलेली होती. बॉनेटला बाशिंग, दोन्ही दिव्यांना गेरूची बोटं, पाठीवर झूल. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी होते तशी तिचीही झाली होती. मामांनी पुढच्या चाकांच्या मुळाशी लोणी-हळद चोळली आणि हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." लोण्याला मुंग्या लागल्या. सकाळी सगळं रॉकेलनं धुऊन पुन्हा ग्रीस भरावं लागलं. पण आवतन काही त्यांनी मागं घेतलं नाही.

तोरणापाशी पाटील आडवे आले. म्हणाले, "मामा, मोटार बाई हाये. 'ती' मोटार. पोळा बैलाचा असते."

"डायनामो गडी हाये," मामा म्हणाले. "हॉर्न गडी हाये. पंखा गडी हाये. घरात येक बाई असली म्हनून घराले बाई म्हन्ता का, पाटील?"

मागून कुणीतरी ओरडलं, "मंग डायनामो तेवढा खोलून आना बे, त्याले जाऊ द्या!"

वेस हसली. मामांनी बॉनेटचं बाशिंग सोडलं, रांगेच्या शेवटी एक शिंगमोडका बैल बोडका उभा होता त्याच्या कपाळी बांधलं आणि मोटार हातानं ढकलत घरी नेली. इंजिन चालू का केलं नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "जनावरं बिचकतीन ना. त्यायचा सन हाये."

मी तेव्हा धाडमध्ये रस्त्याच्या खड्ड्यांवर पत्रकं वाटत होतो. राज्य नवं झालं, खड्डे जुनेच राहिले, हा माझा विषय. पण पोळ्याचं ते पाहून डोकं फिरलं. बुलढाण्याला जाऊन दोनशे पत्रकं छापून आणली. मथळा : 'व्याकरणाचा जुलूम!' पहिली प्रत मामांच्या हाती दिली. त्यांनी ती ओठ हलवत शेवटपर्यंत वाचली, मग चिमटीत धरून चोळून पाहिली.

"कागद बरा हाये," एवढंच म्हणाले आणि आणखी चार प्रती मागून घेतल्या. मला वाटलं, लोकांत वाटणार. तिसऱ्या दिवशी रस्त्यातच भेटले. "कागदराव, तुमचा जुलूम साबनात भिजवून कार्बुरेटरखाली बसवला. पेट्रोल गळनं बंद झालं पाहा."

माझ्या पत्रकानं आजवर काही थांबलं असेल तर ते हेच.

जयराममामा हे विहिरींवरच्या ऑईल इंजिनांचे मिस्त्री. भाजीवाल्या मळ्यांचं सगळं पाणी त्यांच्या हातावर चालतं. ही मोटार कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजींची. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना म्हणून शेटजींनी ती चिंचेखाली उभी केली आणि विसरले. मामांनी मागितली तेव्हा आत कोंबड्या अंडी घालत होत्या. शेटजी म्हणाले, "घेऊन जा, पण कोंबड्या माझ्या."

बाकी मोटार गावभर पांगली होती. एक दिवा देवळात, आरसा न्हाव्याकडे, हॉर्न शाळेत मधल्या सुट्टीला वाजायचा. मामांनी एकेक वस्तू मागून आणली, आणि रिकाम्या हातानं कधी आणली नाही. शाळेला घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगून दिला. न्हाव्याला नवा आरसा दिला. तो म्हणतो, जुन्यात गिऱ्हाईक बरं दिसायचं.

इंजिनात काय दुखतं हे ते लाटण्यानं ऐकतात. लाटण्याचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानात, डोळे मिटलेले. "सांगून राह्यली," म्हणतात. तेवढ्यात घरातून रुख्मामामींचा आवाज येतो, "सांगून झालं असंन तं लाटनं द्या! पोळ्या तोंडानं लाटू का?" मामी घराबाहेर फारशा दिसत नाहीत, आवाज मात्र चार घरं ऐकतात.

आणि एक वाक्य. गाडी काऊन दुरुस्त करता, असं कुणीही विचारलं की मामांचं उत्तर ठरलेलं, "तिले जायचं हाये. दिवाळीच्या आत." कुठं? "जायचं हाये." गाव हसायचं. चहाच्या दुकानात नवा पंथ निघाला होता. कुणी उठलं की बाकीचे विचारायचे, "काऊन बे, तुले बी जायचं हाये का?" मी हसत नसे. मी म्हणायचो, माणसाचं यंत्रावर इतकं प्रेम असावं, यात चूक काय? त्यावर लिहायलाही घेतलं होतं.

दसऱ्यानंतर गाडी सरकारी तपासणीत पास झाली. लोक पेढे मागायला आले तर मामा म्हणाले, "अजून रस्ता पास व्हायचा हाये." दुसऱ्या दिवशी पहाटे मला मागच्या सीटवर बसवलं, हातात काठोकाठ दुधाची वाटी दिली, पायाशी दुधाचा डबा ठेवला. "कागदराव, हात कडक नाई धरायचा. मानूस बसते तसं बसायचं. सांडलं का सांगायचं."

धाडहून निघालो. बुलढाणा, मोताळा, नांदुरा. दूध सांडलं की मी ओरडायचो, मामा गाडी थांबवायचे, कडेच्या दगडावर चुन्याचं बोट ओढायचे आणि वाटी पुन्हा भरायचे. नांदुऱ्यापर्यंत माझ्या सदऱ्याचं दही झालं होतं. मला वाटलं, म्हातारा माझ्या चळवळीत आला! खड्ड्यांची मोजदाद चालू आहे!

दुपारी समोर सातपुडा दिसायला लागला. जळगाव जामोदची पहिली घरं आली आणि मामांनी गाडी थांबवून उलटी वळवली.

"मामा, गावात जाऊन चहा तरी घेऊ."

"तिच्या आंधी मी काऊन जाऊ?"

"ती तर आली की! तुम्ही तिच्यातच बसलात."

मामांनी इंजिन बंद केलं. मग खाली उतरले, पुढची काच पुसली, आधीच स्वच्छ होती तरी पुसली, आणि गाडी चालू केली.

दिवेलागणीला धाडला पोचलो. सदरा धुवायला मी त्यांच्या घरात गेलो. दाराशी बाजेवर रुख्मामामी होत्या, उशाशी पोळपाट. मला पाहून म्हणाल्या, "किती सांडलं?"

मी म्हणालो, डबाभर.

"मंग अजून नाई जमत," त्या म्हणाल्या.

चार वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवरून पडून त्यांचं कमरेचं हाड मोडलं, ते वाकडं बसलं. बसून पोळ्या होतात, उभं राहवत नाही. एस.टी.ची पायरी चढवत नाही. एकदा बैलगाडीत गादी घालून निघाले, पहिल्याच नाल्यात मामींनी अशी किंकाळी मारली की मामांनी बैल तिथूनच वळवले.

"माहेर जळगावले हाये माह्यं. माय आता मानूस ओळखत नाई, आवाज ओळखते. आन आवाज काई टपालानं जात नाई," मामी म्हणाल्या. "येकदाच बोलली मी, जायचं हाये म्हनून. तं हे त्याच्या मांगंच लागले."

बाहेर मामा हात धूत होते, बराच वेळ.

दोन महिने सगळं गाव, आणि मीही, त्या एका 'ती'चा अर्थ मोटार असा घेत होतो. बाकी कुणाचं ठीक आहे, मी तर व्याकरणावर पत्रक काढलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मामा पहाटे कुदळ, घमेलं आणि मोटारीत मावेल तेवढा मुरूम घेऊन निघतात. खूण पाहतात, खड्डा भरतात, पायानं दाबतात. बुलढाण्याच्या अलीकडचे बरेचसे झाले आहेत. मी म्हणालो, वरती अर्ज करतो. म्हणाले, "करा ना. खड्ड्यात अर्ज बी टाकू. पर आंधी मुरूम." गावाला सांगू का, असं विचारलं तर नकाराची मान हलवली. "लोकायले आपले कामं हायेत."

त्यांनी मला सांगू नका म्हटलं, म्हणून मी हे पत्रक छापतो आहे. दिवाळीला नऊ दिवस राहिले आहेत. धाड, बुलढाणा, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद या रस्त्याकडेला तुमचं गाव असेल, तर उद्या सकाळी घराबाहेर पडा. कडेच्या दगडावर चुन्याचं बोट शोधा. त्याच्या समोर खड्डा आहे. एक टोपली मुरूम टाका आणि घट्ट दाबा. मग त्यावरून वाटीभर दूध घेऊन चालून पाहा. सांडलं, तर आणखी एक टोपली टाका.