तीन गल्ल्या आणि एक दाढ

तीन गल्ल्यांची वीज आपल्या एका शब्दावर हलते, हे वीजमंत्री भेटेल त्याला ऐकवत. खरं तर ते निवृत्त वायरमन. पण तिन्ही गल्ल्यांनी छपरांवर सौर पॅनेल बसवली, आपापल्या बॅटऱ्या तारांनी एकमेकींना जोडल्या आणि कोणाची शिल्लक वीज कोणाला द्यायची, हे ठरवायचं काम यांच्या गळ्यात घातलं. तेव्हापासून यांना शिंगं फुटली.

खटक्याच्या पेटीला त्यांनी कुलूप घातलं आणि वर पाटी टांगली: 'माझ्या तोंडून स्पष्ट "हो" आल्याशिवाय वीज सोडू नये. चिठ्ठी, खुणा, निरोप चालणार नाहीत.'

एका ढगाळ दुपारी बायकोकडे किल्ली देऊन ते खालच्या गल्लीत दाढ कोरून घ्यायला गेले. डॉक्टरीणबाईंनी जबडा बधिर केला, तोंडात कापूस कोंबला, दाढ निम्मी कोरली आणि यंत्र बंद पडलं. खालच्या गल्लीच्या बॅटऱ्यांनी मान टाकली होती.

"वरच्या गल्लीची मागवा की," बाई म्हणाल्या. "तुमच्याच हातात आहे ना?"

मंत्र्यांनी ऐटीत घरी फोन लावला.

"आँ," ते म्हणाले.

"कोण बोलतंय?" बायकोनं विचारलं.

"आँ! आँ आँ!"

"हे आमचे हे नव्हेत," म्हणून तिनं फोन ठेवला.

मग बाईंनी फोन केला. "अहो, तेच आहेत. माझ्यासमोर बसलेत."

"असतील. पण निरोप चालत नाही. पाटी वाचून दाखवू?"

शेवटी मंत्री आ वासून तसेच धावत सुटले. पेटीपाशी पोचून त्यांनी खटक्याकडे बोट दाखवलं.

"खुणा चालत नाहीत," बायको शांतपणे म्हणाली. "मागच्या महिन्यात तुम्ही नुसती मान हलवलीत म्हणून मी खटका ओढला, तर चारचौघांत केवढं बोललात मला! आता तोंडानं सांगा."

तोवर खालची गल्ली गोळा झाली. न्हाव्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक पुढं झालं. "ओठ गोल करा, काका. आता हवा सोडा." मंत्र्यांनी हवा सोडली. कापूस गिऱ्हाइकाच्या दाढीवर बसला.

तास गेला. बधिरपणा उतरला आणि निम्मी कोरलेली दाढ जागी झाली. मग जो "हो" निघाला, तो तिन्ही गल्ल्यांनी फोनशिवाय ऐकला. बायकोनं कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी, गाल धरून, मंत्र्यांनी पाटीवरचा 'माझ्या' खोडून 'हिच्या' लिहिलं. घरात हा नियम तीस वर्षं होताच, फक्त पाटी नव्हती.